दूरच्या बेटावरची छोटी आलिशान सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन-चार रात्री हातात, खर्च करायची तयारी आणि नकाशावर ठिपक्याएवढं दिसणारं बेट. असा बेत आखणाऱ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. मुक्काम छोटा असला की उजेडाचा एकेक तास मोलाचा होतो, हे धरूनच ती लिहिली आहेत. त्यामुळे खोलीचे फोटो बघण्याआधी तिथे पोहोचायचं कसं आणि किती वाजता, याकडे वळू.

किती रात्रींचा बेत करावा?

किमान तीन, जमल्यास चार. दोन रात्रींच्या मुक्कामात पहिला दिवस पोहोचण्यात जातो, शेवटचा आवरण्यात, आणि मधल्या एकाच दिवशी पाऊस लागला तर सगळंच ओमफस्स. घराचं दार ओढून घेतल्यापासून बेटावर पाय ठेवेपर्यंतचे तास मोजा, तेवढेच परतीचे धरा. ही बेरीज एकूण सुट्टीच्या पाव हिश्श्याच्या वर गेली तर बेट बदललेलं बरं.

पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातलं बोरा बोरा हे याचं चांगलं उदाहरण. आधी तिथल्या ताहिती या मुख्य बेटापर्यंतचा लांबचा प्रवास, मग देशांतर्गत विमान, आणि तिथला विमानतळही मुख्य बेटावर नसून मोतू मुते या छोट्या बेटावर असल्यामुळे उतरल्यावर पुन्हा बोट. दहा दिवस असतील तर हा प्रवासही आवडतो. चार दिवसांत तो अंगावर येतो. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाला तर 2017च्या ऑक्टोबरपर्यंत नियमित प्रवासी विमानच नव्हतं, जहाजाने जावं लागे. आता विमान आहे, पण आठवड्यात मोजक्याच फेऱ्या. अशा बेटांसाठी वेगळी, मोठी रजा राखून ठेवा.

एकाच सुट्टीत दोन रिसॉर्ट केली तर?

छोट्या मुक्कामात नको. बॅगा भरणं, चेक-आउट, बोटीची वाट, पुन्हा चेक-इन यात अख्खा दिवस जातो आणि दुसऱ्या बोटीचं भाडं वेगळं.

बेट निवडायची सुरुवात कुठून करायची?

आंतरराष्ट्रीय विमानतळापासून. तुमचं विमान तिथे किती वाजता उतरतं आणि परतीचं किती वाजता सुटतं, हे कागदावर लिहा. मग त्या वेळांत बसणारी बेटं शोधा. बहुतेक लोक उलटं करतात: आधी व्हिलाचे फोटो बघून बुकिंग, मग विमानाची शोधाशोध. त्यातून पहिली रात्र विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात काढायची वेळ येते आणि बेटावरच्या न वापरलेल्या रात्रीचेही पैसे भरावे लागतात.

संध्याकाळी उशिरा उतरत असाल तर स्पीडबोटीने तासाभरात गाठता येईल असं बेट घ्या. सकाळी उतरत असाल तर लांबचंही चालेल. काही बेटांवर जायला स्वतःचं विमान असतं. ताहितीजवळच्या तेतियारोआला तसं सुमारे वीस मिनिटांत पोहोचता येतं. ही सोय असली तरी ते विमान दिवसातून किती वेळा उडतं आणि शेवटची फेरी कधी, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

सीप्लेन घ्यावं की स्पीडबोट?

सीप्लेनचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचा, प्रवास सुंदर असतो यात वादच नाही. खिडकीतून खाली निळ्या पाण्यात उमटलेली प्रवाळाची कडी दिसतात आणि ही बेटं समुद्रात कशी विखुरलेली आहेत ते एका नजरेत कळतं. पण त्याचे नियम कडक आहेत आणि छोट्या सुट्टीत तेच आडवे येतात.

मालदीवचंच बघा, कारण सीप्लेनचा जगातला सर्वांत मोठा पसारा तिथे आहे. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी साडेतीनच्या पुढे विमानतळावर उतरलात तर त्या दिवशी सीप्लेन मिळेलच असं नाही. परतीचं विमान सकाळी लवकर असेल तर आदल्या संध्याकाळीच बेट सोडावं लागतं. साधारण पंधरा आसनांचं ट्विन ऑटर विमान, आसनक्रमांक नाही, आत एसी नाही, इंजिनांचा आवाज मोठा. वैमानिक बरेचदा अनवाणी असतात. वाटेत दुसऱ्या एखाद्या रिसॉर्टला थांबाही असू शकतो, त्यामुळे 'तीस मिनिटांचं उड्डाण' कधी तासाभराचं होतं. तुमच्या उड्डाणाची नक्की वेळ आदल्या संध्याकाळी कळते. उतरल्यावर टर्मिनलमध्ये दोन-तीन तास थांबावं लागणं नेहमीचंच, म्हणून रिसॉर्टचा स्वतःचा लाउंज आहे का ते विचारा.

स्पीडबोट रात्रीही सुटते आणि सहसा स्वस्त पडते. समुद्र खवळलेला असेल तर मात्र पंचेचाळीस मिनिटांतही पोट ढवळून निघतं. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही, आणि मागच्या बाजूला बसा. पुढची बाजू जास्त आपटते.

तिसरा पर्याय असतो देशांतर्गत विमान आणि मग छोटी बोट. फोटोत तो शोभत नाही म्हणून कुणी विचारत नाही. पण ही विमानं अंधार पडल्यावरही उडतात, आणि उशिरा उतरणाऱ्यासाठी लांबचं बेट त्याच रात्री गाठायचा बहुधा तोच मार्ग असतो.

कोणत्या महिन्यात जावं?

प्रत्येक समुद्राचं उत्तर वेगळं. मालदीवमध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडं आणि शांत, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचं. सेशेल्समध्ये मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. हवा छान, पण वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर पाणी गढूळ आणि शेवाळ येतं. तिथे एप्रिल आणि ऑक्टोबर हे वारे पालटण्याचे महिने, पाण्यात उतरणाऱ्यांसाठी सर्वांत चांगले. मॉरिशस आणि फिजी या दोन्हीकडे चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. कॅरिबियनमध्ये अटलांटिकच्या वादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोराचा. अरुबा, बोनेर आणि क्युरासाओ ही दक्षिणेकडची तीन बेटं या वादळांच्या वाटेतून बरीचशी बाजूला आहेत.

कॅरिबियनसाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते: सार्गासम. तपकिरी रंगाचं हे तरंगतं शेवाळ 2011पासून तिथल्या किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊ लागलं आहे. वसंत आणि उन्हाळ्यात पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर त्याचा थर साचतो आणि कुजताना घाण वास मारतो. त्या महिन्यांत पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा निवडा.

पावसाळा म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. मालदीवच्या बा अटोलमधली (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनीफारू खाडी घ्या. साधारण जून ते नोव्हेंबरमध्ये वाऱ्या-प्रवाहांमुळे तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचतात आणि ते खायला मँटा रे हे पंखांसारख्या कल्ल्यांचे मोठे मासे थव्याने येतात. या खाडीत स्कूबा डायव्हिंगला (हवेची टाकी घेऊन खोल जाण्याला) बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पृष्ठभागावर पोहणं) करता येतं. ज्याला हे बघायचं आहे त्याने कोरड्या महिन्यांत जाऊन काय करायचं? पाऊसही बहुतेकदा सरीवर सर असा येतो आणि दर बरेच खाली असतात. फक्त मुक्कामात एक रात्र वाढवा, म्हणजे एक दिवस पावसाने खाल्ला तरी हळहळ नाही.

पाण्यावरचा व्हिला घ्यावा की किनाऱ्यावरचा?

पाण्यावरच्या खोल्यांची सुरुवात 1967 साली फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर झाली. त्या बेटाला चांगला पुळणकिनारा नव्हता, म्हणून तिथल्या हॉटेलवाल्यांनी खोल्या थेट लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, खांबांवर उभ्या केल्या. आज हा व्हिला म्हणजेच बेटावरची सुट्टी असं समीकरण झालं आहे. मला ते पूर्ण पटत नाही.

पाण्यावर तुम्हाला काय मिळतं? सकाळी पायऱ्या उतरून थेट समुद्र, रात्री पायाखाली लाटांचा आवाज, दिवसभर मोकळं क्षितिज. काय जातं? सावली, झाडं, पावलांखालची वाळू आणि बरेचदा एकांतही. शेजारच्या डेकवरचं बोलणं पाण्यावरून स्पष्ट ऐकू येतं. जेटी लांब असते. जेवायला जाताना प्रत्येक वेळी उन्हातून दहा मिनिटं चालायचं किंवा बग्गीची वाट बघायची.

बुकिंगआधी त्या ठिकाणची भरती-ओहोटी बघून घ्या. ताहितीत दोन्हींतला फरक जेमतेम फूटभर, त्यामुळे पायऱ्यांशी पाणी कायम. मालदीवमध्ये तो साधारण मीटरभर. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र ओहोटीला समुद्र कितीतरी मागे हटतो. पोहायला निघालेला माणूस घोट्याएवढ्या पाण्यातून चालतच राहतो, आणि त्याच उघड्या पुळणीवर बायका समुद्रशेवाळाची शेती करताना दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत हा फरक आणखी वाढतो. रिसॉर्टला एवढंच विचारा: 'ओहोटीला या क्रमांकाच्या व्हिलाच्या पायऱ्यांशी किती पाणी असतं?' उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

दिशाही बघा. सूर्यास्ताकडचा व्हिला महाग असतो, पण दुपारभर तापतो. सूर्योदयाकडचा स्वस्त आणि दुपारनंतर डेक सावलीत. वाऱ्याकडची बाजू त्या महिन्यात कुठली, हे त्याहून महत्त्वाचं, कारण जोराचा वारा असेल तर डेकवर बसवत नाही. माझ्या मते छोट्या सुट्टीसाठी झाडांच्या आडोशाचा, हाउस रीफजवळचा (म्हणजे बेटालगतच्या प्रवाळाजवळचा) किनाऱ्यावरचा व्हिला सर्वांत सुखाचा.

लगून आणि हाउस रीफ यांत फरक काय?

लगून म्हणजे आतलं उथळ, शांत, वाळूच्या तळाचं पाणी. पोहायला आणि डोळ्यांना छान, पण मासे थोडे. हाउस रीफ म्हणजे बेटाला लागून असलेली प्रवाळभित्ती. तिच्या कडेला तळ एकदम खोल जातो आणि तिथेच खरं जग दिसतं. किनाऱ्यावरून पोहत ती गाठता येते का, हे विचारा. येत नसेल तर प्रत्येक वेळी बोटीचे पैसे, आणि बोटीच्या वेळेला बांधलेली तुमची सकाळ.

जाहिरातीतला दर आणि शेवटचं बिल यांत एवढी तफावत का?

कारण जाहिरातीतला दर बहुधा नुसत्या खोलीचा असतो. त्यापुढे दोन अधिकचिन्हं दिसली, तर सेवाशुल्क आणि कर वेगळे असा त्याचा अर्थ. मालदीवमध्ये सेवाशुल्क सहसा 10 टक्के असतं. 1 जुलै 2025पासून पर्यटनावरचा वस्तू-सेवा कर 17 टक्के झाला आहे आणि तो सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे शंभराच्या दराचे आधी एकशे दहा आणि मग जवळपास एकशे एकोणतीस होतात. रिसॉर्टमध्ये दर माणशी, दर रात्री ग्रीन टॅक्स आणखी वेगळा. 2025च्या सुरुवातीला तो 6 डॉलरवरून 12 डॉलरवर गेला.

हे झालं खोलीचं. हेच दोन आकडे रात्रीच्या जेवणावर, स्पावर आणि डायव्हिंगवरही चढतात. सीप्लेनचं भाडं माणशी असतं, खोलीमागे नाही. नाताळ ते नववर्षात किमान रात्रींची अट आणि सक्तीच्या खास जेवणाचं शुल्क सर्रास असतं. म्हणून एकच मागणी करा: सगळे कर, शुल्क, जाणं-येणं धरून दोघांचा मिळून शेवटचा आकडा ईमेलवर. चांगली रिसॉर्ट तो विनातक्रार देतात. एजंटकडून बुकिंग करत असाल तरीही हीच फोड मागा, आणि रद्द केल्यास किती परत मिळेल तेही त्याच ईमेलमध्ये लिहून घ्या.

जेवणाची कोणती योजना घ्यावी?

बेटावर बाहेर जेवायला दुसरं ठिकाण नसतं, हे लक्षात ठेवून ठरवा. न्याहारी उशिरा आणि भरपेट करणाऱ्यांना हाफ बोर्ड (न्याहारी आणि रात्रीचं जेवण) पुरतो. मद्य घेणाऱ्यांनी ऑल-इन्क्लुझिव्हची, म्हणजे खाणंपिणं धरून असलेल्या योजनेची, यादी ओळ न ओळ वाचावी. कोणते ब्रँड, कोणती रेस्टॉरंट आणि मिनीबार त्यात आहे की नाही, इथेच मेख असते. पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. तिथे सामान बोटीने येतं, आयत्या वेळी काही मिळत नाही.

सामान किती न्यावं?

कमीत कमी. सीप्लेनवर साधारण 20 किलो सामान आणि 5 किलो हातबॅग चालते. जास्तीचे किलोमागे पैसे, आणि विमान भरलं असेल तर ती बॅग मागाहून येते. कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅग बरी. पोहण्याचे कपडे दोन जोड, लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा सदरा), टोपी. स्वतःचा स्नॉर्कल मास्क आणि पायाला नीट बसणारा फिन्सचा (पोहताना पायात घालायच्या पंखांचा) जोड असेल तर उत्तम. औषधं चिठ्ठीसकट हातबॅगेत. पॉवर बँकही हातबॅगेतच, ती चेक-इन सामानात चालत नाही. आणि पहिल्या दिवसाचे पोहण्याचे कपडे हातबॅगेच्या वरच ठेवा. खोली तयार व्हायला दुपार होणार असेल तर तोवर समुद्रात जाता येतं.

शेवटच्या दिवशी डायव्हिंग करता येईल का?

नाही. खोल पाण्यात श्वास घेताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊन डीकम्प्रेशन सिकनेस होऊ शकतो. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'ची शिफारस अशी आहे: वर येताना वाटेत डीकम्प्रेशनचे थांबे घ्यावे न लागणाऱ्या एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान 18 तास, आणि डीकम्प्रेशनचे थांबे लागलेल्या डाइव्हनंतर त्याहून बराच जास्त वेळ उड्डाण नको. बरीच डायव्ह सेंटर सरळ 24 तास धरतात. चार रात्रींच्या मुक्कामात म्हणून डायव्हिंग पहिल्या दोन दिवसांत उरका. स्पा, वाचन, स्नॉर्कलिंग शेवटच्या दिवसासाठी.

आजारी पडलो तर?

मोठ्या रिसॉर्टवर डॉक्टर किंवा परिचारिका असते, रुग्णालय नसतं. मालदीवसारख्या ठिकाणी अंधार पडल्यावर सीप्लेन नाही, म्हणजे रात्रीचा रुग्ण बोटीनेच न्यावा लागतो. त्यामुळे प्रवासविमा घेताना दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात: आणीबाणीत बेटावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आणि डायव्हिंग करणार असाल तर त्याचं संरक्षण, तेही किती मीटर खोलीपर्यंत. हृदयविकार, गरोदरपण, नुकतीच शस्त्रक्रिया असं काही असेल तर लांबच्या बेटाऐवजी मुख्य शहरापासून अर्ध्या तासाच्या बोटीवरचं बेट घ्या. सौंदर्यात फारसा फरक पडत नाही आणि मन निर्धास्त राहतं. डासांचं औषधही बाळगा. मालदीव 2015पासून मलेरियामुक्त आहे, पण डेंगी तिथेही होतो.

परवानगी आणि नियमांचं काय?

प्रत्येक बेटाचं वेगळं. मालदीवला पोहोचण्याआधीच्या 96 तासांत प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरावं लागतं, परतताना पुन्हा. सेशेल्सला व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी प्रवास-परवानगी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर एका वेळी 400च पर्यटक राहू शकतात, त्यामुळे तिथे आधी खोली आणि मग विमान.

मालदीवमध्ये बाहेरून मद्य नेता येत नाही. रिसॉर्टमध्ये ते मिळतं, स्थानिक वस्तीच्या बेटांवर नाही. व्हेपही (इलेक्ट्रॉनिक सिगारेट) नेऊ नका. सेशेल्सचं कोको दे मेर हे जोडनारळाच्या आकाराचं प्रसिद्ध फळ प्रमाणपत्राशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पालाऊमध्ये 2020पासून प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. असा नियम नसलेल्या ठिकाणीही ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट नसलेलं क्रीमच घ्या. अंग झाकणारा रॅशगार्ड घातला की क्रीम लागतंच कमी.

प्रवाळ खरंच अजून शिल्लक आहे का?

आहे, पण जखमी आहे. 1998 आणि 2016मध्ये पाणी तापून हिंदी महासागरातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि 2024च्या एप्रिलमध्ये असे प्रवाळ पांढरे पडण्याची, म्हणजे विरंजनाची, जागतिक पातळीवरची चौथी घटना शास्त्रज्ञांनी जाहीर केली. म्हणून जुन्या फोटोंवर विसंबू नका. गेल्या वर्षभरात पाण्याखाली काढलेले फोटो बघा. प्रवाळावर पाय टेकू नका, दमलात तर पाठीवर तरंगा. रिकामे शिंपलेही उचलू नका. कित्येक ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि त्या शिंपल्यात उद्या एखादा संन्यासी खेकडा घर करणार असतो.

लहान मुलांना नेता येईल का?

हो, पण किनाऱ्यावरच्या व्हिलात. पाण्यावरच्या व्हिलांच्या डेकला बरेचदा कठडा नसतो, आणि अनेक रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथे घेतच नाहीत. काही बेटं फक्त प्रौढांसाठी असतात, ते आधीच बघा.

शेवटचा दिवस वाया जाऊ नये म्हणून काय करावं?

रात्रीचं विमान असेल आणि दुपारी बाराला खोली सोडायची असेल, तर उशिराच्या चेक-आउटची विनंती बुकिंगच्या वेळीच करा. ते जमलं नाही तर शॉवर आणि बॅगांसाठी दिवसाची खोली मागा; बहुतेक ठिकाणी ती सोय असते, फक्त कुणी आपणहून सांगत नाही.

मालदीवमधली बरीच रिसॉर्ट आपलं घड्याळ राजधानी मालेच्या वेळेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, म्हणजे संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळतो. विमानाची वेळ मात्र मालेच्या घड्याळाची असते. निघण्याच्या वेळेचा कागद हातात आला की ती वेळ बेटाची की मालेची, हे स्वागतकक्षात विचारूनच घ्या. बिलही आदल्या रात्रीच मागवून खोलीत शांतपणे तपासा. सकाळी बोट धक्क्याला लागलेली असताना न घेतलेल्या मिनीबारची ओळ खोडायला कुणाकडेच वेळ नसतो.